प्लगकाका

“सवतीला किती हळुवार गुंडाळताय! माझ्या अंगावर कधी अशी चादर घातलीत का?” काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या.

सवत म्हणजे एक जुनाट कॉम्प्युटर. मांडीवर घ्यायचा तो नव्हे. टेबलाखाली ठेवायचा काळा, चौकोनी, वजनदार डबा. त्याच्या एका बाजूचं झाकण कधीच हरवलं होतं आणि तिथे काकांनी पुठ्ठा चिकटवला होता. एरवी या टोमण्याला काकांचं उत्तर ठरलेलं असे. “ती उलटून बोलत नाही, म्हणून,” असं ते म्हणत आणि काकू हसत हसत आत जात. आज काकांनी नुसतं “हं” केलं आणि चादरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

“काय झालं?”

“कुठे काय?”

“मग गाठीशी कसली कुस्ती चाललीये?”

“उशीर होतोय,” काका म्हणाले.

उशीर मुळीच होत नव्हता. सकाळी उठल्याउठल्या फोनवर एक निरोप आला होता, तो त्यांना डाचत होता. तो त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता, काकूंनाही नाही. काकूंना सांगितला असता तर त्या म्हणाल्या असत्या, “मग आधी भाचीला फोन करा.” आणि नेमकं तेच काकांना करायचं नव्हतं.

काका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले होते. पण त्यांची खरी नोकरी निराळीच होती. बिनपगारी आणि फुल अधिकारी. प्रत्येक वेबसाइटच्या पोटात एक डेटाबेस असतो. आपण साइटवर नाव-पत्ता भरतो, डॉक्टरची वेळ घेतो, ते सगळं ज्या जागी जाऊन बसतं, ती ही जागा. असे डेटाबेस पुष्कळ आहेत. त्यातले दोन-तीन इतके लोकप्रिय, की वेबसाइट बनवणारी पोरं चौथ्याचं नावही घेत नाहीत. काकांचा डेटाबेस त्या न घेतलेल्या नावांपैकी. त्याचं नाव ‘कोठार’. फुकट आणि उघडा. कुणीही आतला कोड वाचावा, बदलावा, वापरावा. कुणी वापरत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

बरं, कोठार काकांनी लिहिलेलंही नव्हतं. ते लिहिलं होतं दूर कुठेतरी राहणाऱ्या एका माणसाने. त्याला काका ‘मूळपुरुष’ म्हणत. दोघांची आयुष्यात कधी भेट नव्हती. फार पूर्वी, ऑफिसातल्या एका अडचणीपायी काकांनी कोठारच्या ऑनलाइन मंचावर एक अगदी बाळबोध प्रश्न विचारला होता. पोरं दात काढतील या भीतीने त्यांनी खोट्या नावाने विचारला. मूळपुरुषाने लगेच, नीट, एकदाही न हसता उत्तर दिलं, आणि त्या एका उत्तरावर काका जे भाळले ते भाळलेच. पुढे कोठारचं मॅन्युअल काकांनी लिहिलं. नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं काका देऊ लागले, आणि वेब डेव्हलपरांचा मेळावा कुठेही असो, सवतीला चादरीत बांधून काका हजर होऊ लागले. इंजिन मूळपुरुषाचं आणि तोंड काकांचं, अशी वाटणी झाली.

मेळाव्यात त्यांचा एक ठरलेला खेळ असे. “आपापल्या फोनवरून काहीही लिहून पाठवा,” असं ते समोरच्या पोरांना सांगत. पोरं लिहीत: ‘भूक लागली’, ‘काका, आवरा’. नोंदी धडाधड येत असतानाच काका कुणाला तरी पुढे बोलावत आणि ओरडत, “उपट प्लग!” सवत खाडकन बंद पडे. पुन्हा चालू केली की पोचलेली एकूण एक नोंद जागच्या जागी असे. टाळ्या पडत. त्यावरूनच त्यांना प्लगकाका हे नाव पडलं. मग टाळ्या वाजवून पोरं घरी जात आणि दुसऱ्या दिवशी आपला नेहमीचा डेटाबेस वापरत.

आणि आता इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कुणीतरी कोठार खरंखुरं वापरणार होतं. काकांची सख्खी भाची एका छोट्या वेब कंपनीत होती. दातांच्या दवाखान्यांची एक मोठी साखळी त्यांच्याकडे साइट करायला आली होती, आणि त्या कामाची सूत्रं भाचीच्या हातात यायची होती. भाचीने हट्ट धरला होता, की यासाठी कोठारच घ्यायचं. आज तिच्या कंपनीच्या मालकांसमोर काकांनी येऊन ते दाखवायचं, आणि मालकांनी हो म्हणायचं.

सकाळचा निरोप मूळपुरुषाचा होता. ‘थकलो रे. आता माझ्याने होत नाही. सोमवारी सगळ्यांना कळवतो. चाव्या तुझ्या नावावर केल्यात. सांभाळ.’

सांभाळ म्हणजे काय सांभाळ? गाडीचं माहितीपुस्तक लिहिणाऱ्याला गाडीचं इंजिन खोलता येतंच असं नाही. काकांना येत नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता. पण वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसावर कोणत्या तोंडाने रागवायचं? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. बातमी त्याची आहे, ती त्याने सांगावी. सोमवारी सांगणारच आहे. आपण आधी तोंड उघडणं बरं दिसत नाही. फक्त सोमवार यायच्या आत भाचीचे मालक हो म्हणून बसतील, एवढी गोष्ट त्यांनी समजुतीत धरली नाही.

“फोन घेतलात का?” काकूंनी विचारलं.

“घेतला,” काका म्हणाले आणि खिशावर हात दाबून जिना उतरले.

*

भाची तिच्या ऑफिसच्या इमारतीखाली वाट बघत उभी होती. टॅक्सी थांबल्याबरोबर पुढे होऊन तिने कीबोर्डची पिशवी घेतली.

“मामा, चेहरा काय झालाय तुझा? झोपला नाहीस का?”

“जरा पित्त झालंय.”

पित्त हे काकांचं सर्व प्रसंगांवरचं उत्तर होतं. भाचीला ते लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

“ऐक. मालक चांगले आहेत, पण शंकेखोर. आणि आमच्यात एक जण आहे, गळ्यात कायम हेडफोन लटकलेला असतो त्याच्या. तो खोचून खोचून विचारणार. तू घाबरू नकोस. मी कधीपासून सगळ्यांचं डोकं खातेय. तुझ्या भरवशावर बोललेय हं मी.”

जिन्यात कुणी नव्हतं. सांगायचं तर हीच वेळ होती. काकांनी सवत एका पायरीवर टेकवली आणि तोंड उघडलं.

“अगं...”

“काय?”

“कीबोर्डची पिशवी टॅक्सीत नाही ना राहिली?”

“माझ्या हातात आहे, मामा.”

“हां, हां. दिसली,” काका म्हणाले आणि पुन्हा वजन उचलून चढू लागले.

मीटिंगच्या खोलीत लांबलचक टेबल होतं, खाली वायरींचं जंगल, आणि कोपऱ्यात कंपनीचा स्वतःचा एक कॉम्प्युटर घूं घूं करत होता. हळूहळू सगळी मंडळी आपापले लॅपटॉप घेऊन जमली. मालक पन्नाशीचे, पोट सुटलेले, हसरे गृहस्थ होते.

“या, या! ही मामा म्हणते म्हणजे आमचेही मामाच. फक्त आम्हाला मामा बनवू नका म्हणजे झालं!”

सगळे हसले. काकाही हसले, जरा जास्तच, आणि त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ सरळ कॉलरमध्ये उतरला.

बोलायला ते उभे राहिले, पण रोजचं पाठ असलेलं भाषण आज आठवेना. एक वाक्य दोनदा आलं, एक आलंच नाही. बोलता बोलता हात आपोआप खिशाकडे जाई. “कोठारमागे भक्कम...” असं म्हणून ते थांबले, कारण पुढचा शब्द ‘मंडळी’ होता. मग घाईघाईने म्हणाले, “बरं, बोलणं पुरे. खेळच दाखवतो. लिहा काहीही.”

भिंतीवरच्या पडद्यावर नोंदी येऊ लागल्या. ‘नमस्कार’. ‘आज सुट्टी आहे का’. ‘मालक, पगार वाढवा’. मालकांनी डोळे वटारले, तसा हशा पिकला. त्याच्याखाली भाचीची ओळ आली: ‘मामा, घाम पूस’. पुन्हा हशा झाला. काकांनी मुकाट्याने रुमाल काढून घाम पुसला. ही पोर आपल्याला नको तितकी ओळखत होती.

“प्लग मी उपटणार!” मालक लहान मुलासारखे पुढे सरसावले, गुडघे धरत टेबलाखाली वाकले आणि एक वायर त्यांनी जोर लावून खेचली.

पडद्यावर काहीच झालं नाही. नोंदी येतच राहिल्या. सवत मजेत चालू होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुणीतरी बोंबललं, “अरे साइट गेली! सगळी गेली!”

मालकांनी कोपऱ्यातल्या कंपनीच्या कॉम्प्युटरचा प्लग उपटला होता.

मग एकच धावपळ झाली. हेडफोनवाला टेबलाखाली घुसला, प्लग पुन्हा बसवला, आणि सगळे श्वास रोखून त्या कॉम्प्युटरकडे बघू लागले. त्यात तो जगप्रसिद्ध, सगळ्यांचा आवडता डेटाबेस होता. काकांच्या मनात एक पापी विचार चमकून गेला, की याने आता चार नोंदी गिळल्या तर काय बहार येईल. मशीन उठलं. हेडफोनवाल्याने बोटं चालवली, नोंदी मोजून पाहिल्या आणि वर बघत म्हणाला, “काका, हा पण उठला की. काहीसुद्धा गेलेलं नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्या खेळावर काकांनी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, तो खेळ समोरच्या पक्षानेही सहज करून दाखवला होता, तोही न ठरवता. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण आजवर कुणी दुसरा प्लग उपटून पाहिला नव्हता.

“उठणारच,” काका म्हणाले. “चांगला आहे तो.”

“मग तुमचाच का घ्यायचा?” हेडफोनवाल्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

काका काही बोलायच्या आत भाची उभी राहिली. “मी सांगते. प्लगचं सोडा. या दवाखान्यांच्या शाखा किती आहेत? आणि शाखांमधली इंटरनेटची लाइन दिवसातून कितीदा जाते? पेशंट एका शाखेत सांगतो, मला अमुक इंजेक्शन चालत नाही, अंगावर गांधी उठतात. तिथे ते लिहिलं. तेवढ्यात लाइन गेली. तोच पेशंट संध्याकाळी दुसऱ्या शाखेत गेला तर? कोठार प्रत्येक शाखेत आपापलं लिहून ठेवतं, लाइन आली की आपसात मेळ घालतं. आणि दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं असेल तर एक परस्पर पुसून टाकत नाही. दोन्ही समोर ठेवतं, की बाबांनो, बघा. हे आपल्या नेहमीच्यावर करायचं तर वेगळं काहीतरी बांधावं लागेल. तेवढं बांधायला आपल्याकडे माणसं आहेत का?”

हे सगळं मॅन्युअलमध्ये होतं. काकांनीच लिहिलं होतं. पण इतक्या सरळ शब्दांत त्यांना कधी सांगता आलं नव्हतं. ती बोलत होती आणि काका ऐकत राहिले. आपल्या कोठारचं इतकं चांगलं त्यांनी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मालक मान हलवू लागले. हेडफोनवाल्याने शेवटचा बाण काढला.

“ठीक आहे. बस-आकडा किती तुमचा?”

म्हणजे बसखाली किती जण आले की कोठारचं काम बंद पडेल. या धंद्यात हा प्रश्न प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरला विचारतात, स्थळ बघताना मुलाचं वय विचारावं तसा. काकांचं उत्तर तयार होतं. ते त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, जिभेला वळणच पडलं होतं.

“आमच्यातला एक कधी घराबाहेर पडत नाही, आणि दुसऱ्याला बायको रस्ता एकट्याने ओलांडू देत नाही. बसला संधीच नाही!”

खोली खळखळून हसली. हेडफोनवालासुद्धा हसला. मालकांनी टेबलावर थाप मारली. “छान! पटलं आपल्याला. घ्या रे कोठार. चहा सांगा, मामांना बिस्किटंही आणा.”

झालं. प्रश्न आला आणि गेला. काका खुर्चीत बसले. ‘घ्या रे कोठार.’ हे शब्द ऐकण्यासाठी त्यांनी सवतीला कुठे कुठे वाहून नेलं होतं. भाची टेबलापलीकडून त्यांच्याकडे बघून हसली. तिचा चेहरा खुलला होता, शाळेतल्या स्पर्धेत नंबर आल्यावर खुलायचा तसा. चहा आला. काकांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

त्यांच्या डोळ्यांसमोर कुठल्याशा शाखेतली कुठलीशी खुर्ची आली, तिच्यात आ करून बसलेलं कुणीतरी, आणि त्याच दिवशी कोठारच्या इंजिनात काहीतरी अडकलेलं. सगळे विचारणार भाचीला. भाची विचारणार मामाला. आणि मामा मॅन्युअल उघडून बसणार.

“एक राहिलं,” काका म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “एक सांगायचं राहिलं. मघाशी दोघं म्हणालो. दोघं होतो. आज सकाळपासून एकच.”

“कोण?” मालकांनी विचारलं.

“मी. ज्याने कोठार लिहिलं, त्याने सोडलं. सोमवारी तो सगळ्यांना कळवणार आहे.”

“पण तुम्हाला इंजिन येतं ना? बिघडलं तर काढाल ना दुरुस्त करून?” हेडफोनवाला म्हणाला. आता तो खोचून विचारत नव्हता. उलट काकांनी हो म्हणावं असंच त्याच्या आवाजात होतं.

“नाही,” काका म्हणाले. “मी पुस्तक लिहितो.”

भाचीने आपला लॅपटॉप हळूच मिटला. ती काकांकडे बघत नव्हती.

मालकांनी खाकरून घसा साफ केला. “मामा, सांगितलंत हे बरं केलंत. पण मग... समजून घ्या.”

“समजतं की,” काका म्हणाले. “समजतं.”

*

जिन्यात काका पुढे होते आणि भाची एक पायरी मागे. तिने सवतीची एक बाजू धरली होती. मधल्या वळणावर ती थांबली.

“तुला कधी कळलं?”

“सकाळी. उठल्याबरोबर.”

“मग तेव्हाच फोन का नाही केलास? मी उभी राहून एवढं बोलले, सगळ्यांसमोर. मी तोंडावर पडले, मामा. आणि तू ऐकत बसलास!”

कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला दोघं भिंतीला चिकटून उभी राहिली. तो गेला. पित्त म्हणायची सोय नव्हती.

“मला एकदा ‘हो’ ऐकायचं होतं गं,” काका म्हणाले. “एकदाच. मग सांगणार होतो, असंही नाही. तेव्हा काहीच ठरवलं नव्हतं.”

टॅक्सीत सवत ठेवायला भाचीने हात लावला, दार लावलं, आणि वळून निघून गेली. एरवी ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहत असे.

घरी काकूंनी दार उघडलं. “आली का सवत माहेराहून...” असं म्हणता म्हणता त्यांनी काकांचं तोंड पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. इतक्या वर्षांत सवतीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. आज त्यांनी पदर खोचला, डब्याची दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती आतल्या खोलीतल्या टेबलाखाली सरकवली.

“केवढी जड आहे हो मेली,” काकू म्हणाल्या. “हात धुऊन या. मग सांगा.”

काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी मधे एकही टोमणा मारला नाही, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे काकांना जास्तच जाणवलं.

प्रवासात धक्के बसले की घरी आल्यावर सवतीला एकदा चालू करून बघायचं, ही काकांची जुनी सवय. तशी त्यांनी ती चालू केली. पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरं आली, दुपारच्या नोंदीही होत्या तिथेच. शेवटची ‘मामा, घाम पूस’. काकांनी कीबोर्डसाठी हात पुढे केला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पिशवी मीटिंगच्या खोलीतच राहिली होती.

सवतीला तशीच घरघरत ठेवून ते आपल्या लॅपटॉपसमोर बसले. चाव्या, म्हणजे कोठारच्या साइटचे पासवर्ड, आता त्यांच्याच नावावर होत्या. साइटचं पहिलं पान त्यांनी उघडलं. ‘आजच वापरून पाहा!’ असं वर ठळक लिहिलं होतं, तेही त्यांनीच. ते खोडून त्यांनी नवं लिहिलं, पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. अखेर राहिलं ते असं: ‘नव्या कामासाठी कृपया दुसरा डेटाबेस निवडा. याचं इंजिन सांभाळणारं सध्या कुणी नाही. जे वापरत आहेत, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं मिळत राहतील.’ शेवटच्या वाक्यात ‘शक्यतो लगेच’ हे शब्द घालावेत का, यावर ते बराच वेळ अडून बसले, आणि मग त्यांनी ते घातले. पान जाहीर केलं नाही. सोमवारपर्यंत थांबायचं होतं. मूळपुरुषाला मात्र त्यांनी लगेच लिहिलं, ‘आज एका ठिकाणी आधीच सांगावं लागलं. क्षमा कर. तू आराम कर. मी आहे.’

“ही केव्हाची चालू आहे. बंद करा की,” काकू म्हणाल्या.

“कीबोर्ड नाहीये.”

“मग उपटा प्लग. एरवी तेच तर करता.”

“आज नको,” काका म्हणाले.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला बेल वाजली. भाची ऑफिसातून थेट आली होती. तिने काकांकडे न बघता पिशवी काकूंच्या हातात दिली.

“मामी, हा कीबोर्ड राहिला होता याचा.”

“आत ये. बस.”

“बसत नाही.” पण ती आत आली. खोलीच्या दारात उभी राहून सवतीची घरघर ऐकत म्हणाली, “त्यांनी नेहमीचाच घेतला. काम हेडफोनवाल्याकडे दिलं.”

एवढं काकांच्या मनात आलं नव्हतं. “तुझं काम...”

“हो. माझं काम.”

“माझं चुकलं. सकाळीच सांगायला हवं होतं तुला.”

“चुकलंच,” भाची म्हणाली. तिने ते गोड शब्दांत सांगितलं नाही, आणि काकांनाही तसं नको होतं.

काकूंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. ती घटाघट पाणी प्यायली. मग तिने कीबोर्ड पिशवीतून काढला, ऑफिसच्या चांगल्या कपड्यांनिशी टेबलाखाली शिरली, आणि मागच्या बाजूला चाचपून वायर जोडली.

“कर काय करायचंय ते,” ती खालूनच म्हणाली.

काकांनी कोठार थांबवायची आज्ञा टाइप केली. मॅन्युअलमध्ये ती अगदी पहिल्या पानांवर होती. तिच्यापुढे चौकटीत लिहिलं होतं, ‘नेहमी याच पद्धतीने बंद करावे.’ सवतीवर मात्र काकांनी तिचा कधी उपयोग केला नव्हता. मेळाव्यात प्लग उपटायचा, घरी येऊन चालू करायची, आणि सराव म्हणून पुन्हा प्लग उपटायचा; तिचं सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं.

पडदा क्षणभर थबकला. मग एकेक ओळ उमटू लागली. कोठार आपलं आवरत होतं. उघडं होतं ते मिटत होतं, हातात होतं ते जागेवर ठेवत होतं. काकू चष्मा लावून मागे येऊन उभ्या राहिल्या. शेवटी एक ओळ आली: ‘सर्व नोंदी लिहून झाल्या. आता प्लग काढला तरी चालेल.’ हे शब्द काकांचेच होते. मूळपुरुषाच्या त्रोटक संदेशाच्या जागी त्यांनी ते फार वर्षांपूर्वी बसवले होते.

मग काकांनी सवतीलाही बंद व्हायची आज्ञा दिली; पंख्याची घरघर मंद होत गेली आणि थांबली. खोलीत एकदम शांत वाटलं.

“काढू?” टेबलाखालून भाचीने विचारलं.

“काढ,” काका म्हणाले. “उपटू नकोस. हळू काढ.”